माझी कावीळ खोटी होती

मला कावीळ कधीच झाली नव्हती. मला रक्ताचा कॅन्सर झाला होता, तो अजूनही आहे, आणि सध्या तो माझं ऐकतो आहे. माझ्या मानेवरच्या गाठी माळेनं गेल्या नाहीत. त्या गोळ्यांनी गेल्या. आमच्या तेलंगणाकडच्या मराठी भागात, मावल्यापासून वांकिडीपर्यंत ज्या ज्या घरात ही गोष्ट उलटी सांगितली गेली असेल, तिथं ती सुलटी व्हावी म्हणून हे लिहितो आहे.

"झालं ते झालं, आता कशाला उकरता?" असं मला चार जणांनी सांगितलं. त्यातले दोघे घरचेच आहेत. त्यांना माझं उत्तर एकच आहे. माझ्या खोटेपणामुळे माझा मित्र किसन डॉक्टरकडे गेला नाही. त्याच्या गळ्यात गाठ वाढत होती आणि तो माझ्याकडे बघून निर्धास्त होता. तेव्हा उकरणार. पूर्ण उकरणार.

मी सरकारी मराठी शाळेत विज्ञान शिकवायचो. ही गोष्ट मुद्दाम आधी सांगतो, कारण माझा अपराध तिच्यामुळेच मोठा होतो.

मडक्याची कावीळ

आमच्या भागात कावीळ झाली की माळ घालतात. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवून ती करतात. सुरुवातीला ती डोक्याच्या शेंड्यावर मावेल एवढीच असते. दिवस जातील तशी ती मोठी होत जाते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, आणि पोटापर्यंत पोचली की लोक म्हणतात, कावीळ उतरली.

माळ वाढते ती काड्या सुकतात म्हणून. काडी सुकून बारीक झाली की गाठ सैल पडते, आणि दोरा लांब होतो. माणसाच्या काविळीशी त्याचा काही संबंध नाही. साधी कावीळ बरेचदा पथ्यानं आणि विश्रांतीनं आपोआप उतरते, आणि श्रेय माळेला जातं.

हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गात दाखवायचो. एक ओली माळ आणवायची, टेबलावर मडकं पालथं घालायचं आणि माळ मडक्याच्या डोक्यावर ठेवायची. आठवडाभरात ती मडक्याच्या पोटावर उतरायची. मग मी म्हणायचो, "पोरांनो, मडक्याची कावीळ बरी झाली, टाळ्या वाजवा." पोरं हसून लोळायची. गावात मला 'मडकेवाले गुरुजी' म्हणत. माझ्या पाठीमागे म्हणत, आणि किसन तोंडावर म्हणायचा.

किसन कापूसवाला शेतकरी, माझ्याच वयाचा, माझ्याच गल्लीतला. आम्ही पहिलीपासून एका बाकावर होतो. पुढे मी गुरुजी झालो, तो शेतात गेला. तो मला 'गुरुजी' म्हणायचा आणि पुढचं सगळं 'तू'नं बोलायचा.

निदान

गाठी पहिल्यांदा आमच्या न्हाव्याच्या हाताला लागल्या. दाढी करता करता तो थांबला.

"गुरुजी, मानेले दोन्हीकून गोळ्या गोळ्या लागून राह्यल्या. दुखते का?"

"नाही."

"मंग काही नाही. वाताच्या असतीन."

मी ते आनंदानं मानलं. सहज मिळालेलं चांगलं निदान कोण नाकारतो? पण पुढे विहाराच्या पायऱ्या चढताना मधेच बसावं लागू लागलं. अंगावरचा शर्ट सैल झाला. माझा मुलगा मिलिंद मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, कारकून आहे, तो एक दिवस रजा टाकून मला आदिलाबादला रक्त तपासायला घेऊन गेला. लॅबवाल्यानं रक्त घेतलं, थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाला, मशीन बिघडलेलं दिसतं, पुन्हा देता का? पुन्हा दिलं. मशीन ठीक होतं. माझ्या पांढऱ्या पेशींचा आकडा त्याला खरा वाटत नव्हता, एवढंच.

तिथून हैदराबाद. तिथल्या डॉक्टर मॅडम तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलायच्या आणि मला मास्टरजी म्हणायच्या. कागद वाचून त्यांनी मिलिंदकडे न बघता माझ्याकडे बघितलं. हे मला आवडलं. म्हणाल्या, "मास्टरजी, ये ब्लड कॅन्सर है. धीरे चलनेवाला. अभी दवाई नहीं देंगे. घर जाइये, तीन महिने में दिखाइये."

कॅन्सर आहे, औषध नाही, घरी जा. बस स्टँडवर मिलिंदनं चहा आणला तो मी गटारात ओतला. मला वाटलं, म्हातारा आहे म्हणून यांनी मला सोडून दिलं. तरुण असतो तर लगेच सलाईन लावली असती.

तसं नव्हतं. ज्यांच्या घरी हा संथ जातीचा कॅन्सर आला असेल त्यांनी हे नीट ऐकावं. त्रास सुरू होईपर्यंत औषध न देणं हाच त्यावरचा रिवाज आहे, कारण लवकर औषध देऊन फायदा होत नाही. ते थांबणं म्हणजे हाकलून देणं नव्हे. पण थांबणं सोपं नाही. गळ्याशी हात नेऊन गाठ चाचपायची सवय लागते. मी जेवताना चाचपायचो, पेपर वाचताना चाचपायचो. माझी बायको शेवंता हातावर चापट मारायची. "ठेवा ना खाली तो हात. चाचपून काय लहान होते का ते?"

रक्तातलं

वर्षभरानं गाठी वाढल्या. मान आणि खांदा एक झाल्यासारखं दिसू लागलं. रक्त कमी झाल्यानं चेहरा फिका, पिवळट पडला. मॅडम म्हणाल्या, आता गोळ्या सुरू करू.

नेमकं तेव्हाच माझ्या नातीचं, प्रज्ञाचं, वांकिडीकडच्या एका घरी जुळत आलं होतं. मुलगा शिक्षक, घर चांगलं. शेवंतानं मला आणि मिलिंदला बसवलं.

"लोकायले काय सांगाचं?"

मिलिंद म्हणाला, "खरं सांगाचं. कॅन्सर हाय म्हून सांगाचं. त्यात काय लपवाचं?"

"रक्ताचा हाय ना? रक्ताचा म्हणल्यावर लोक पोरीच्या रक्तात पाह्यतीन. 'आज्याच्या रक्तात व्हता, बापाच्या रक्तात असंल, पोरीच्या रक्तात निंगंल.' तू ऑफिसात बसून लोकायचे दाखले लिवतो, तुले लोक ठावं नाही."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा आजार शिवल्यानं होत नाही आणि यासाठी नातीचं लग्न अडवायचं काही कारण नाही. मला ते ठाऊक होतं. आयुष्यभर पोरांना 'प्रश्न विचारा' म्हणणारा माणूस, आणि मला त्या दिवशी एकच प्रश्न सुचला. "मग काय सांगायचं?" शेवंता म्हणाली, "कावीळ झाली म्हणाचं."

शेवंताचा भाऊ मुधोळला राहतो. तो दुसऱ्या दिवशी माळ घेऊन आला. कावीळ म्हटली की कुणी सोयरीक मोडत नाही. चेहरा पिवळट होताच. आणि माळ गळ्यात उतरली की गाठी तिच्याखाली झाकल्या जातात. इतकी सोयीची गोष्ट माझ्या घरात दुसरी कुठली नव्हती.

मी ती माळ डोक्यावर ठेवून घेतली. सुनेनं पाहुण्यांदेखत मला बिनहळदीची, बिनफोडणीची डाळ वाढायला सुरुवात केली. पांढरी डाळ. ती खाताना माझ्या तोंडाला कुठलीच चव लागत नसे, आणि ते पथ्यामुळे नव्हतं.

पहिल्याच दिवशी किसन आला. माझ्याकडे बघत दारातच उभा राहिला.

"गुरुजी, हे मी काय पाहून राह्यलो? मडक्यावर नाही, खुद्द तुया डोक्श्यावर?"

"कावीळ झाली रे."

"लय दिवस मडक्याची मजाक केली ना तू. मडक्यानं बदला घेतला." तो खो खो हसला. मग गंभीर झाला, जवळ बसला आणि म्हणाला, "पण बरं केलं. तू घातली म्हणजे काहीतरी असंल त्यात."

हे वाक्य मी तेव्हाच पकडायला हवं होतं. पकडलं नाही.

शेवटची घंटा

गोळ्या सुरू करण्याआधी मी मॅडमना विचारलं, ही गोळी पेशींना मारते का? त्या म्हणाल्या, नाही, पेशी स्वतःच मरतात, गोळी फक्त वाट मोकळी करते. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. विज्ञानाचा मास्तर म्हणून त्यांनी मला जरा जास्त वेळ दिला असावा. मी जे समजलो ते माझ्या शब्दांत लिहितो.

आपल्या प्रत्येक पेशीत स्वतःला बंद करण्याची सोय असते. पेशी जुनी झाली, बिघडली, की तिनं मुकाट्यानं निघून जायचं असतं. पेशीच्या आत तिला ऊर्जा पुरवणाऱ्या कणिका असतात. आम्ही वर्गात त्यांना तंतुकणिका म्हणायचो. त्या कणिकेभोवती एक पातळ पटल असतं. पेशीची वेळ भरली की तिच्या रसात मोकळी फिरणारी काही प्रथिनं त्या पटलाकडे निघतात, पटलात शेपूट रोवतात, एकमेकांना धरतात आणि तिथं भोकं पाडतात. आतलं बाहेर सांडलं की पेशी आवरायला घेते. पण त्याच पटलावर दुसरी काही प्रथिनं आधीपासून ठाण मांडून बसलेली असतात. ती राखण करतात. भोक पाडायला निघालेल्यांना पकडून ठेवतात. निरोगी माणसात दोघांचा मेळ बसलेला असतो. माझ्या पेशींत राखणदारांचीच गर्दी झाली होती.

मी म्हणालो, "मॅडम, म्हणजे शाळेसारखं. शिपाई शेवटची घंटा वाजवायला निघालाय. पण व्हरांड्यात दहा जण उभे आहेत, ते त्याला घंटेपर्यंत पोचूच देत नाहीत. घंटा होत नाही, शाळा सुटत नाही. रोज नवे प्रवेश चालूच, घरी कुणी जात नाही. एका बाकावर वीस पोरं."

मॅडम हसल्या. "करेक्ट. और ये गोली उन दस लोगों के हाथ में जाके बैठती है. हाथ भर गये तो शिपाई को कौन पकडेगा?"

मला त्या क्षणी बरं वाटलं, का ते सांगतो. तोवर मी समजत होतो की माझ्या रक्तात एक राक्षस शिरलाय आणि तो बाहेरचा आहे. आता कळलं की त्याला संपवायची व्यवस्था आतच आहे, माझीच आहे, फक्त ती ज्या पटलापर्यंत पोचायला हवी तिथं पोचत नाही. राक्षसाशी मला भांडता आलं नसतं. व्हरांडा अडवणाऱ्यांशी भांडायचा मात्र मला शाळेतला मोठा अनुभव होता.

नीळ्ळु

घंटा वाजली आणि सगळी शाळा एकदम सुटली तर फाटकात चेंगराचेंगरी होते. इथंही तसंच. गाठी भरलेल्या असतात, पेशी एकदम मरू लागल्या की त्यांचा मलबा रक्तात उतरतो आणि किडनीवर येतो. म्हणून गोळी अगदी लहान मात्रेनं सुरू करतात, पायरीपायरीनं वाढवतात, आणि सुरुवातीला दवाखान्यात ठेवून पुन्हा पुन्हा रक्त तपासतात.

आणि पाणी पाजतात. माझ्या वॉर्डात एक आया होत्या. त्या दारातून डोकावल्या की एकच शब्द. "सार, नीळ्ळु!" नीळ्ळु म्हणजे पाणी. मी नुकता ग्लास ठेवलेला असे. "आत्ताच प्यालो." "मळ्ळी तागंडी." पुन्हा प्या. माझ्या शेजारच्या खाटेवर निझामाबादचे एक निवृत्त कंडक्टर होते, त्यांचाही आजार हाच. ते म्हणायचे, "मास्टरजी, सारी उमर बस में पेशाब रोकके काम किया, अब ये बाई बदला ले रही है." आम्ही दोघं एकमेकांशी पैज लावून पाणी प्यायचो. रक्त काढणारी मुलगी आली की ते डावा हात पुढे करत आणि म्हणत, उजवा सही करायला ठेवला आहे.

भीती वाटत होती का? वाटत होती. पहिली गोळी हातात घेतली तेव्हा शेवंता समोर बसली होती. मी म्हणालो, "काही झालं तर..." तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. "काही व्हत नाही. गिळा. तुमचं अर्धं वाक्य आयकाले मी एवढ्या दूर नाही आली." मी गिळली.

एक कामाची गोष्ट शिकलो ती इतरांसाठी लिहितो. ही गोळी चालू असताना काही फळं चालत नाहीत, पपनस त्यातलंच, आणि कुठलाही झाडपाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात घ्यायचा नाही. पाहुणे प्रेमानं आणतात. प्रेम घ्यायचं, पाला बाजूला ठेवायचा. खर्चाचं कोडं पडलं तर दवाखान्यात त्यासाठी माणूस बसलेला असतो, त्याला विचारायला लाजू नये.

'होय, मुधोळची'

काही आठवड्यांत मानेवरच्या गाठी मावळल्या. आरशात मला माझी मान दिसली. मी पुष्कळ वेळ तिच्याकडे बघत बसलो.

अडचण अशी की त्याच आठवड्यांत माळही छातीवरून पोटावर उतरत होती. हैदराबादच्या फेऱ्यांना आम्ही 'मिलिंदच्या कामाला' म्हणत होतो. म्हणजे गावानं काय पाहिलं? माळ खाली गेली आणि गाठी गेल्या. डोळ्यांसमोर. आणि कुणाच्या गळ्यातली? मडकेवाल्या गुरुजींच्या. ज्या माणसानं जन्मभर माळेची टिंगल केली, त्यालाच माळेनं बरं केलं. एवढी जाहिरात जगात कुठल्या औषधाला मिळाली नसेल. लोक पत्ता विचारायला येऊ लागले. मी म्हणायचो, "होय, मुधोळची."

हे दोन शब्द माझ्या तोंडचे आहेत. शेवंताच्या नाही, तिच्या भावाच्या नाही.

छातीलोक

प्रज्ञाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, जवळ आलं होतं. मी किसनला आमंत्रण द्यायला गेलो. तो ओट्यावर बसला होता, कापूस वेचायचे दिवस असून घरी. शर्टाची वरची बटणं उघडी, आणि गळ्यात माळ.

"पाह्य गुरुजी, छातीलोक आली." माळ छातीपर्यंत उतरली होती.

मी माळेकडे पाहिलं नाही. मी तिच्या वर पाहिलं. मानेच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. त्याचे गाल बसले होते.

"केव्हापासून आहे ही?"

"झाला असंल दीडेक महिना. पयले बोराएवढी व्हती."

त्याची बायको रुक्मा आतून म्हणाली, "संध्याकायी ताप येते. घामानं अंगावरची वाकय भिजते. मी म्हणलं दवाखान्यात चला, तर म्हणते गुरुजी कोठी गेला व्हता दवाखान्यात?"

मला सगळं कळलं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "एकदा डॉक्टरलेही दाखव."

"तू दाखवलं व्हतं का?"

साक्षगंध चार दिवसांवर होतं. मी म्हणालो, "तरी दाखव." आणि उठून घरी आलो.

माझ्या आजारात मला अनेक गोष्टींची लाज वाटली. कपडे बदलायला सुनेची मदत घ्यावी लागली त्याची वाटली, भर बसमध्ये उलटी झाली त्याची वाटली. ती सगळी लाज फुकटची होती. खरी लाज वाटावी असं मी त्या ओट्यावर केलं.

साक्षगंध

आमच्या अंगणात मांडव घातला होता. वांकिडीची मंडळी आली. किसन आला, अंगात ताप असून आला, नवा शर्ट घालून, आणि माळ शर्टाच्या वर काढून. मुलाच्या काकूंनी त्याला विचारलं, "दादा, हे कशाची माळ?"

"मुधोळची हाय. गाठीवर रामबाण. गुरुजीची मान अशी फुगली व्हती, आता पाहा. इचारा त्याईले."

काकू माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, आमच्या नातीच्या गळ्यात बी गाठ हाय. आठ वर्साची लेकरू. डॉक्टर म्हणते सुई टाकून तपासू. मले त सुईचं नावच नको वाटते. पत्ता देता का जी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शेवंता पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. मला फक्त 'होय' म्हणायचं होतं. तोंडाला सवय झालेला शब्द होता.

मी उभा राहिलो. "काकू, पोरीले सुई टाकू द्या. उद्याच टाकू द्या. माळेनं काही होत नाही. मले कावीळ नव्हती. मले रक्ताचा कॅन्सर हाय. गाठी त्याच्या होत्या, गोळ्यांनी गेल्या. मी खोटं बोललो. सोयरीक तुटू नये म्हून बोललो. आता तुमाले तोडाची असंल तर तोडा, पण त्या लेकराले दवाखान्यात न्या."

मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला.

"गुरुजी, बसा. आमाले ठाऊक हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

प्रज्ञा खाली मान घालून म्हणाली, "आबा, मी ह्यांना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं." नवरा मुलगा लाल झाला होता. त्यानं घरी वडिलांना सांगितलं होतं. वडील म्हणाले, "पोराचं म्हणणं, आज्याले आजार हाय म्हणून पोरगी कायले सोडाची? मलेही पटलं. पण तुमी सांगत नोयते, मंग आमी कसं इचारावं? म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवावा म्हटलं."

म्हणजे मी त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते मला लपवू देत होते. ज्या सोयरिकीसाठी हे सगळं केलं, तिला त्याची गरजच नव्हती. प्रज्ञाला, नवऱ्या मुलाला, त्याच्या वडिलांना खरं माहीत होतं. ज्याला माहीत असायला हवं होतं त्या एकालाच माहीत नव्हतं.

किसन उठला. "म्हणजे मीच एक राह्यलो व्हतो म्हण की," तो म्हणाला, आणि न जेवता निघून गेला.

सरकारी रस्ता

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी गेलो. रुक्मा दारात आली. "गुरुजी, तुमी जा. ते म्हणते, मडक्याले सांग, माया दाराशी येऊ नको."

मी ओट्यावरून उतरलो आणि समोर रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. आतून आवाज आला, "गेला का तो?"

"समोर बसले हाय."

"त्याले म्हणावं ऊठ."

मी मोठ्यानं म्हणालो, "तुया दाराशी नाही बसलो. रस्ता सरकारचा हाय."

तिसऱ्या सकाळी तो बाहेर आला. भिंतीला धरून उभा राहिला. माळ गळ्यात नव्हती.

"तुया नातीचं लगन व्हावं म्हून मी मराचं व्हतं का?"

"नाही."

"मंग काऊन नाही बोलला त्या दिवशी? इथी, याच ओट्यावर?"

मी म्हणालो, "शिव्या दे. पण गाडीत बसून दे. मिलिंदनं गाडी आणली हाय."

"गाडीत देल्ल्या त डायवर आयकंल."

"आयकू दे."

तो बसला. मावल्यापर्यंत त्यानं शब्दाला कमी पडू दिलं नाही. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. मग किसन दमला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला, जागेपणी त्यानं ते टेकलं नसतं.

हैदराबादला गाठीचा तुकडा तपासला. त्यालाही कॅन्सरच निघाला, माझ्यापेक्षा वेगळ्या जातीचा, वेगानं वाढणारा. मॅडम म्हणाल्या, वेगवान असला तरी हा औषधाला ऐकतो, चला सुरू करू. मी त्यांना बाजूला गाठून विचारलं, माळेत गेलेल्या दिवसांनी किती बिघडलं? त्यांनी माझी समजूत काढली नाही. "देर हुई, मास्टरजी. कितना फरक पडा, वो कोई नहीं बता सकता." ते माझ्याकडे राहील. ते कुठल्या गोळीनं जाणार नाही आणि जाऊही नये.

काकूंच्या नातीच्या गाठीत सुई टाकली. क्षयाची गाठ निघाली. औषध चालू आहे, पोरगी शाळेत जाते.

लिहिल्यावर

शेवंताच्या भावानं बोलणं सोडलं आहे. विहारात एकानं सुचवलं की नावगाव न घालता लिहा, समाजाचं हसं होतं. मी म्हणालो, ज्यांना हसायचं त्यांनी हसावं, मी वर्गात हसवतच शिकवायचो. शेवंतानं हे सगळं वाचून घेतलं आणि म्हणाली, "खोटं एकट्याच्या नावावर नका घेऊ. मी बी व्हती." म्हणून तेही लिहिलं.

तुमच्या घरात कुणाला हे दुखणं आलं असेल, तर त्याचं नाव घ्या. मोठ्यानं घ्या. मला ते नाव घ्यायला जीभ कापल्यासारखी वाटायची, आता बाजारात भाजी घेताना घेतो. परवा एकानं दबक्या आवाजात विचारलं, "गुरुजी, ते... त्याचं कसं आहे आता?" मी म्हणालो, "कॅन्सर ना? मजेत आहे. त्याला मी रोज जेवणानंतर गोळी देतो."

छापायला देण्याआधी हे किसनला वाचून दाखवायचं मी ठरवलं होतं. त्याचे केस गेले आहेत, औषधाच्या सहापैकी चार सलाईन झाल्या आहेत, मानेवरची गाठ हाताला लागत नाही. पुढचं पुढे. तो खाटेवर भिंतीला टेकून ऐकत होता. 'न जेवता निघून गेला' इथं एकदा हुंकारला. संपल्यावर त्यानं विचारलं,

"शेवटी काय लिवणार हाय? मी माफ केलं म्हून?"

"नाही लिहिलं तसं."

"लिवू बी नको. मी अजून रागावलेला हाय. बरा झालो तरी राहीन. तसंच लिव."

"बरं."

"आणि परवा माही सलाईन हाय. तू येऊन राह्यला ना?"